जेफर्सनची सॅक्सन मिरास

१७७६ सालच्या ४ जुलै रोजी फिलाडेल्फिया येथे भरलेल्या काँग्रेसने अमेरिकन वसाहतींच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत केला आणि त्याच दिवशी नव्या राष्ट्राची मुद्रा कशी असावी हे ठरविण्यासाठी तिघांची एक समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन, जॉन ॲडम्स आणि जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारा तेहतीस वर्षांचा टॉमस जेफर्सन हे ते तिघे होत. जेफर्सनने कोणती कल्पना पुढे केली हे ॲडम्सने आपल्या पत्नीस लिहिलेल्या एका पत्रामुळे आपणांस ठाऊक आहे. मुद्रेच्या एका अंगास अरण्यातून चाललेले इस्राएलचे लोक असावेत, दिवसा मेघ आणि रात्री अग्निस्तंभ त्यांना वाट दाखवीत असावा; आणि दुसऱ्या अंगास हेंगिस्ट व हॉर्सा हे दोन सॅक्सन सरदार असावेत. ही मुद्रा पुढे स्वीकारली गेली नाही. १७८२ मध्ये जी स्वीकारली गेली तिच्यावर गरुड आला, आणि हेंगिस्ट-हॉर्सा विस्मरणात गेले.

हे दोघे बंधू कोण? पाचव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनच्या एका राजाने शत्रूपासून रक्षणासाठी समुद्रापलीकडून त्यांना भाडोत्री सैन्यासह बोलाविले, आणि रक्षणास आलेल्यांनीच मग यजमानाचे राज्य गिळले, अशी आख्यायिका आहे. तैनाती फौजेचा अनुभव असलेल्या आपल्या देशातील वाचकास ती फारशी नवलाची वाटणार नाही. असे दोन भाऊ प्रत्यक्षात होऊन गेले काय याविषयीच इतिहासकार साशंक आहेत. पण सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत असे जगास सांगणाऱ्या लेखकाला आपल्या प्रजासत्ताकाच्या मुद्रेवर हे आक्रमक सरदार का हवे होते, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. २०१९ मध्ये प्राचीन इंग्रजीच्या अभ्यासकांच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने आपल्या नावातून अँग्लो-सॅक्सन हा शब्दच काढून टाकला, कारण तो शब्द वंशश्रेष्ठत्वाच्या घोषणांनी डागाळला होता. २०२१ मध्ये अमेरिकन काँग्रेसमधील काही उजव्या सदस्यांच्या नियोजित गटाचे जे टिपण बाहेर आले त्यात अँग्लो-सॅक्सन राजकीय परंपरेचा आदर राखण्याची भाषा होती. गदारोळ झाला आणि तो बेत मागे पडला. शब्द एकच, पण त्याची धास्ती कोणी घ्यावी आणि त्याचा आधार कोणी घ्यावा हे कसे ठरले, ते जेफर्सनच्या चरित्रात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

त्याचा जन्म १७४३ च्या १३ एप्रिलचा, व्हर्जिनियातील शॅडवेल येथला. वडील पीटर जेफर्सन हे भूमापक व जमीनदार. ते १७५७ मध्ये वारले तेव्हा मुलगा चौदा वर्षांचा होता आणि हजारो एकर जमीन व त्या जमिनीवर राबणारे गुलाम त्याच्याकडे वारशाने यावयाचे होते. घराण्याविषयी जेफर्सनने आत्मचरित्रात नोंदविलेली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपले पूर्वज वेल्समधून, स्नोडन पर्वताच्या परिसरातून आले अशी घरात परंपरागत समजूत होती. वेल्स म्हणजे सॅक्सनांनी मागे रेटलेल्या मूळ ब्रिटनांचा डोंगराळ मुलूख. म्हणजे ही समजूत खरी असेल तर सॅक्सनांचा हा थोर कैवारी पितृकुळाने सॅक्सन नव्हताच. हेंगिस्टने ज्यांची भूमी घेतली त्यांच्यापैकी होता. त्याला स्वतःला ही विसंगती कधी बोचल्याचे दिसत नाही.

विल्यम अँड मेरी कॉलेजातील शिक्षण संपवून तो जॉर्ज विथ या नामांकित वकिलाच्या हाताखाली कायदा शिकू लागला, आणि तेथेच सॅक्सनांशी त्याची गाठ पडली. इंग्लंडच्या जुन्या कायद्यातील संज्ञांचा अर्थ लावता यावा म्हणून त्याने अँग्लो-सॅक्सन भाषा हाती घेतली. टॅसिटसचे जर्मन टोळ्यांचे वर्णन, रापँचा इंग्लंडचा इतिहास, डॅलरिंपलचा सरंजामी जमीनधारणेवरील ग्रंथ, असे त्याचे वाचन चाललेले असे. या वाचनातून एक कथा त्याच्या मनात पक्की झाली. फार पूर्वी सॅक्सन लोक स्वतंत्र होते, आपले प्रमुख स्वतः निवडीत, सभा भरवून कायदे करीत, आणि जमीन कोणाही वरिष्ठाची चाकरी न करता भोगीत. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा विल्यम आला आणि त्याने सर्व भूमी राजाची ठरवून सरंजामशाहीचे जोखड लादले. तेव्हापासूनचा इंग्लंडचा इतिहास म्हणजे गमावलेले सॅक्सन स्वातंत्र्य परत मिळविण्याची धडपड होय. ही कथा जेफर्सनने रचलेली नव्हे. सतराव्या शतकात स्टुअर्ट राजांशी भांडणाऱ्या पार्लमेंटपक्षीय वकिलांनी ती चांगलीच घोटून ठेवली होती. जेफर्सनने ती अटलांटिकपार नेली आणि तिच्यातून जमिनीचा एक दावा उभा केला, हे मात्र त्याचे स्वतःचे काम.

वर्गात जमीनधारणेचे प्रकार समजावून सांगताना मी मिरासदार आणि उपरी यांचे उदाहरण घेतो, आणि येथेही ते उपयोगी पडेल. पेशवाईतील मिरासदाराची जमीन पिढीजात त्याची. उपरी मात्र मर्जीने ठेवलेला, आज आहे तर उद्या नाही. तुलना तंतोतंत नाही, कारण मिरासदारही सरकारसारा भरीत असे. पण सॅक्सन माणूस मिरासदार होता आणि नॉर्मनांनी त्याला उपरी केले, असे म्हटले की जेफर्सनच्या म्हणण्याचा गाभा हाती येतो. १७७४ मध्ये ब्रिटिश अमेरिकेच्या हक्कांविषयी त्याने जी पुस्तिका लिहिली तिच्यात हाच युक्तिवाद आहे. ज्याप्रमाणे सॅक्सन लोक उत्तर युरोपातील आपली अरण्ये सोडून ब्रिटनमध्ये आले, त्याचप्रमाणे त्यांचे वंशज ब्रिटन सोडून अमेरिकेत आले. सॅक्सनांवर त्यांच्या मूळ देशाने कधी सत्ता सांगितली नाही. मग अमेरिकेवर इंग्लंडने का सांगावी? शिवाय अमेरिका विल्यमने जिंकलेली नाही. सबब तेथील जमीन राजाची नाही, आणि ती वाटून देण्याचा किंवा अडवून धरण्याचा त्याला अधिकार नाही.

अर्थशास्त्राचा अभ्यासक येथे साहजिकच विचारील की हा सिद्धान्त कोणाच्या सोयीचा होता. १७६३ च्या राजाज्ञेने ॲपलेशियन पर्वतापलीकडे वसाहत करण्यास मनाई केली होती आणि व्हर्जिनियाच्या जमीनदारांचे डोळे नेमके त्या भूमीकडे लागले होते. तंबाखूच्या व्यापारात ब्रिटिश अडत्यांचे कर्ज त्यांच्या मानेपर्यंत आले होते. जेफर्सनचा सासरा जॉन वेल्स १७७३ मध्ये वारला तेव्हा जावयाच्या वाट्यास ११,००० एकर जमीन आणि १३५ गुलाम आले, तसेच ब्रिटिश सावकारांचे देणेही आले; ते त्याच्या मानगुटीवरून आयुष्यभर उतरले नाही. अशा वर्गाला राजाने जमिनीत लुडबूड करू नये हे तत्त्व प्रिय व्हावे यात नवल नाही.

तथापि तेवढेच म्हणून थांबलो तर जेफर्सनवर अन्याय होईल. ज्या कथेचा फायदा त्याच्या वर्गाला होत होता तीच कथा त्याने आपल्या वर्गाविरुद्धही वापरली. जमीन पिढ्यान्पिढ्या एकाच घराण्यात अडकवून ठेवणारा कायदा त्याच्याच पुढाकाराने व्हर्जिनियात १७७६ मध्ये रद्द झाला. थोरल्या मुलासच सर्व वारसा देण्याची प्रथा १७८५ मध्ये गेली. हे नॉर्मनांचे अवशेष होत अशी त्याची धारणा होती. व्हर्जिनियाच्या राज्यघटनेच्या आपल्या मसुद्यात त्याने प्रत्येक भूमिहीन प्रौढास ५० एकर जमीन मिळण्याची तरतूद घातली होती. ती मान्य झाली नाही. परगण्यांचे लहान लहान भाग पाडावेत, त्यांना सॅक्सन काळातलेच शंभरी हे नाव द्यावे आणि प्रत्येक भागात मोफत प्राथमिक शाळा असावी, असे विधेयक त्याने तयार केले. तेही त्या स्वरूपात संमत झाले नाही. ग्रामपंचायत हाच लोकशाहीचा पाया असे मानणाऱ्यांना हा माणूस आपला वाटावा. खोट्या इतिहासातूनही कधी कधी चांगले कायदे निघतात, हे मान्य केलेले बरे.

इतिहास खोटा होता याविषयी मात्र आज शंका उरलेली नाही. नॉर्मन विजयानंतर वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, इंग्लंडची जी प्रसिद्ध मोजणी झाली तिच्यात सुमारे २८,००० गुलामांची नोंद आहे. नोंदल्या गेलेल्यांत दहांतील जवळजवळ एक माणूस गुलाम होता. ही गुलामी सॅक्सन समाजाकडून आलेली होती, आणि ती पुढच्या दोनतीन पिढ्यांत नाहीशी झाली ती नॉर्मनांच्या अमदानीत. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. विजयाने हक्क उत्पन्न होत नाही म्हणून विल्यमची सत्ता अन्यायाची ठरत असेल, तर हेंगिस्टचीही ठरली पाहिजे. आणि तिसरी अडचण प्रत्यक्ष अमेरिकेच्या भूमीवर उभी होती. रिकामी जमीन ज्याला सापडेल त्याने ती वहिवाटीने आपली करावी, असे १७७४ ची पुस्तिका सांगते. पण ती रिकामी होती कोठे? तेथे इंडियन टोळ्या राहत होत्या.

१८०१ ते १८०९ या काळात जेफर्सन राष्ट्राध्यक्ष होता. १८०३ मध्ये त्याने दीड कोटी डॉलरला फ्रान्सकडून लुईझियाना घेतला आणि देशाचे क्षेत्र सुमारे दुप्पट केले. त्याच वर्षी फेब्रुवारीत विल्यम हेन्री हॅरिसन या प्रादेशिक गव्हर्नरास त्याने एक खाजगी पत्र लिहिले. सरकारी व्यापारी ठाण्यांतून इंडियनांना, विशेषतः त्यांच्यातील वजनदार माणसांना, उधारीवर माल द्यावा. देणे फेडीपलीकडे गेले की ते आपणहून जमीन तोडून देण्यास तयार होतील, असा त्यातील सल्ल्याचा आशय आहे. कर्जाने जमीन कशी जाते हे व्हर्जिनियाच्या या कर्जबाजारी जमीनदारास स्वानुभवाने माहीत होते. दक्षिणेतील १८७५ च्या दंग्यांची हकीकत वाचलेल्या मराठी माणसाला हे पत्र समजण्यास टीपेची गरज नाही. सॅक्सनाची मिरास इतकी पवित्र, पण इंडियनाची मिरास मात्र वहीखात्यात बसवून उडविण्याजोगी.

मिरास म्हटली की वारस कोण हा प्रश्न येतोच. स्वातंत्र्य हे मनुष्यमात्राचे आहे असे म्हटले तर वारसाची चौकशी करावी लागत नाही. ते सॅक्सन पूर्वजांकडून आले असे म्हटले की करावी लागते. जेफर्सन दोन्ही गोष्टी म्हणत होता. १७८५ मध्ये पॅरिस येथे खाजगीरीत्या छापलेल्या आपल्या व्हर्जिनियाविषयक ग्रंथात काळ्या लोकांना मुक्त करण्याची योजना तो मांडतो, पण मुक्त झालेल्यांनी देशात राहू नये, त्यांची अन्यत्र वसाहत करावी आणि त्यांच्या जागी गोरे आणावेत, असेही सांगतो. ते शरीराने व बुद्धीने गोऱ्यांहून कमी असावेत असा संशय तो शास्त्रीय भाषेच्या आडून व्यक्त करतो. युरोपातील राजेशाह्यांतून येणाऱ्या गोऱ्यांविषयीही त्याला त्या ग्रंथात धास्ती आहे. परंतु १८०२ मध्ये त्याच्याच कारकीर्दीत नागरिकत्वासाठी लागणारी वास्तव्याची मुदत चौदा वर्षांवरून पुन्हा पाच वर्षांवर आली. म्हणजे गोऱ्या परकीयाला सॅक्सन संस्था शिकता येतात असे त्याने अखेर मानले. काळ्या माणसाच्या बाबतीत ते त्याने कधी मानले नाही. कायद्याची कथा रक्ताची कथा होते ती या ठिकाणी.

आणि ती त्याच्या घरातही आली होती. पत्नी मार्था १७८२ मध्ये वारली. सासऱ्याकडून आलेल्या गुलामांत सॅली हेमिंग्ज नावाची मुलगी होती. ती जॉन वेल्सचीच कन्या, म्हणजे मार्थाची सावत्र बहीण होती असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. जेफर्सन फ्रान्समध्ये वकील असताना १७८७ मध्ये, चौदाव्या वर्षी, ती पॅरिसला गेली. पुढे तिला सहा मुले झाली, त्यांतील चार वाढली. १९९८ ची जनुकीय चाचणी आणि कागदोपत्री पुरावा यांवरून या मुलांचा पिता जेफर्सनच होता, असा निष्कर्ष त्याचे घर जतन करणाऱ्या प्रतिष्ठानने २००० साली काढला. १८१५ मध्ये एका तरुण परिचितास लिहिलेल्या पत्रात जेफर्सनने बीजगणिताची अक्षरे मांडून हिशेब करून दाखविला आहे, की गोऱ्याशी तिसऱ्या संकरानंतर संतती कायद्याने गोरी होते. सॅलीची मुले नेमकी त्या तिसऱ्या संकराची होती. पण व्हर्जिनियात मुलाची स्थिती आईवरून ठरे. तेव्हा ती हिशेबाने गोरी आणि कायद्याने गुलाम, अशी बापाच्या शेतावर आणि सुतारशाळेत वाढली. दोघे १८२२ मध्ये निघून गेले आणि गोऱ्यांत मिसळले. मॅडिसन व ईस्टन हे मृत्युपत्राने मुक्त झाले. ईस्टन पुढे विस्कॉन्सिनमध्ये जेफर्सन आडनाव लावून गोरा म्हणून राहिला. मॅडिसन ओहायोत काळा म्हणून राहिला, आणि १८७३ मध्ये तेथील एका वृत्तपत्रात त्याने आपली जन्मकथा सांगितली. सख्खे भाऊ, आणि वंश दोन.

त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी गुलामगिरी हा ग्रंथ अमेरिकेतील त्या सज्जनांना अर्पण केला, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. जोतीरावांच्या बळीराजाच्या कथेतही परके येऊन न्यायाचे राज्य हिरावून घेतात, म्हणजे घाट जवळजवळ सॅक्सन कथेचाच आहे. इतिहास म्हणून तिची चिकित्सा करता येईल आणि केलीही गेली आहे. पण जोतीरावांनी बळीचे वारस म्हणून ज्यांची नावे घेतली ते उपरी होते. जेफर्सनने हेंगिस्टचे वारस म्हणून ज्यांची घेतली ते जमीनदार होते. कथेचे मोल करताना हा फरक मला कथेच्या खरेखोटेपणाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

वार्धक्यात जेफर्सनचे सॅक्सन वेड ओसरले नाही. त्याने स्थापन केलेले व्हर्जिनिया विद्यापीठ १८२५ च्या मार्चमध्ये सुरू झाले आणि त्याच्या आग्रहाने तेथे अँग्लो-सॅक्सन भाषा शिकविली जाऊ लागली. भाषेबरोबर विद्यार्थ्यांत स्वतंत्र राज्यकारभाराची तत्त्वेही मुरतील अशी त्याची आशा होती. व्याकरण सोपे करून ती कशी शिकवावी यावर त्याने एक निबंध लिहून ठेवला होता, तो १८५१ मध्ये छापला गेला. १८२४ मध्ये कार्टराइट या इंग्रज सुधारकास लिहिलेल्या पत्रात तो पुन्हा सॅक्सन राज्यघटनेचे गुणगान करतो. १८२६ च्या ४ जुलैला, जाहीरनाम्यास बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, तो वारला. जॉन ॲडम्सही त्याच दिवशी गेला. मागे एक लाख डॉलरहून अधिक देणे राहिले. १८२७ च्या जानेवारीत माँटिसेलो येथे लिलाव पुकारला गेला तेव्हा सामानसुमान आणि गुरे यांबरोबर १३० माणसे विक्रीस काढण्यात आली होती. आयुष्यभरात त्याच्या मालकीची सहाशेहून अधिक माणसे होती.

त्यानंतर कथेतून कायदा गळत गेला आणि रक्त उरले. १८४६ ते १८४८ च्या मेक्सिको युद्धात सॅक्सन वंशाच्या विधिलिखित विस्ताराची भाषा सर्रास झाली. आमच्या पाठ्यपुस्तकांत नफ्याच्या उपपत्तीसाठी ज्याचे नाव येते तो फ्रान्सिस वॉकर, १८७० व १८८० च्या अमेरिकन जनगणनांचा प्रमुख, याने १८९६ मध्ये स्थलांतर रोखण्याची मागणी केली, ती प्राचीन जर्मन टोळ्यांच्या ओकवृक्षाखालील सभांचा दाखला देऊनच. त्या टोळ्यांच्या वंशजांना स्वराज्याची जी जन्मजात जाण आहे ती पूर्व व दक्षिण युरोपातून येणाऱ्यांना नाही, असे त्याचे प्रतिपादन. इतका चांगला अर्थशास्त्रज्ञ इतके कच्चे अनुमान काढतो, हे विद्यार्थ्यांना सांगताना मला नेहमी अवघडल्यासारखे होते. १९२४ च्या स्थलांतर कायद्याने प्रत्येक देशाचा वाटा १८९० च्या जनगणनेतील संख्येच्या दोन टक्क्यांवर आणला आणि आशियाचे दार जवळजवळ बंद केले. आदल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातून गेलेल्या भगतसिंग थिंद यांचे नागरिकत्व नाकारले होते. आपण आर्यवंशीय म्हणून गोरे, हा त्यांचा दावा न्यायालयाने मानला नाही.

जेफर्सनच्या व्हर्जिनियात याहून पुढची मजल गाठली गेली. १९२२ मध्ये रिचमंड येथे अँग्लो-सॅक्सन क्लब निघाले. त्यांचा प्रवर्तक जॉन पॉवेल हा पियानोवादक जेफर्सनच्याच विद्यापीठाचा पदवीधर होता. त्यांच्या खटपटीने १९२४ मध्ये वंशशुद्धीचा कायदा झाला. ज्याच्या रक्तात गोऱ्याखेरीज अन्य अंश मुळीच नाही तोच गोरा, अशी व्याख्या त्याने केली. अपवाद ठेवला तो सोळाव्या हिश्शापर्यंतच्या इंडियन रक्ताचा, कारण व्हर्जिनियातील कित्येक प्रतिष्ठित घराणी पोकाहाँटसपासून आपली वंशावळ सांगत. १८१५ चे बीजगणित या कायद्यापुढे रद्द झाले. कितीही संकर झाले तरी हिशेब आता सुटत नव्हता, आणि ईस्टनचा वंशज व्हर्जिनियात परतून खरी वंशावळ सांगता तर गोऱ्या स्त्रीशी लग्न करणे हा त्याचा गुन्हा झाला असता. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लव्हिंग दांपत्याच्या खटल्यात ही विवाहबंदी घटनाबाह्य ठरविली.

माँटिसेलोच्या टेकडीवर जेफर्सनचे थडगे आहे. त्यावर काय कोरावे हे त्याने स्वतः लिहून ठेवले होते: स्वातंत्र्याचा जाहीरनामा, व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आणि विद्यापीठ. त्यात राष्ट्राध्यक्षपद नाही आणि सॅक्सनही नाहीत. घर प्रतिष्ठानच्या मालकीचे असले तरी ते स्मशान आजही मार्था जेफर्सनच्या मुलींपासून आलेल्या वंशजांच्या मंडळाकडे आहे, आणि तेथे दफन होण्याचा हक्क मंडळाच्या सभासदांचा. सॅली हेमिंग्जच्या वंशजांनी सभासदत्व मागितले. मे २००२ मध्ये मंडळाने मतदान घेतले आणि मोठ्या बहुमताने ते नाकारले.